जुनं बुद्धिबळ सॉफ्टवेअर उघडत नाही? विंडोज फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

वार्षिक परीक्षा संपल्या की कपाटातल्या जुन्या सीड्या बाहेर येतात. कुणाला चेसमास्टर सापडतं, कुणाला फ्रिट्झ, कुणाला एखाद्या मासिकासोबत फुकट आलेली सीडी. लेकराला बुद्धिबळ शिकवायचं असतं, गावात नेट धड नसतं, आणि मोबाइल हातात दिला तर ते बुद्धिबळावर किती वेळ टिकेल हे सगळ्यांनाच ठाऊक. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून मुलींचे पालकही हौसेनं विचारायला लागलेत. मग फोन येतो, "दादा, ते बुद्धिबळ उघडनाच गेलंय." सेलू, जिंतूर, गंगाखेड, कुठूनही फोन येवो, दुखणं त्याच चार-पाच जागी निघतं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कोणतं ते आधी ठरवा. पुढच्या सगळ्या तपासण्या सगळ्यांनी करायची गरज नाही.

डबल क्लिक केलं की कर्सर जरासा फिरतो आणि शांत. ना एरर, ना खिडकी. किंवा "धिस ॲप कान्ट रन ऑन युअर पीसी" असा निळा चौकोन येतो. ही दोन लक्षणं दिसायला वेगळी, पण कारण बरेचदा एकच असतं: प्रोग्रॅमचं वय.

सीडी आत आहे, फिरतेय, तरी प्रोग्रॅम "सीडी घाला" म्हणतो.

उघडतं, पण पट काळा दिसतो, सोंगट्यांचे रंग विचित्र होतात, नाहीतर अख्खा खेळ स्क्रीनच्या एका कोपऱ्यात इवलासा दिसतो.

काल सेव्ह केलेला डाव आज गायब. रेटिंग रोज शून्यावरून सुरू.

"मुदत संपली" असा संदेश येतो, किंवा नोंदणी होतच नाही.

इंजिन, म्हणजे प्रोग्रॅमचा चाली ठरवणारा भाग, चालच करत नाही. किंवा उलट, पहिल्या लेव्हलला लावलं तरी लेकराला पंधरा खेळ्यांत मात देतं आणि लेकरू रडत उठतं.

बिघाड आहे का, हेच आधी बघा

हसू नका. "सॉफ्टवेअर बिघडलंय" म्हणून आणलेल्या काही मशीन्समध्ये बिघाड नसतोच. आपल्याकडे बरीच लेकरं आजोबांकडून देशी पद्धतीचं बुद्धिबळ शिकतात. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, किल्लेकोट नाही, राजाला डावात एकदा घोड्याची अडीच घरं मिळतात, आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या सोंगटीचं घर तीच सोंगटी होते. सॉफ्टवेअर आंतरराष्ट्रीय नियमांनी चालतं. ते राजाची अडीच घरं मान्य करत नाही, सोंगटी मागे आणून ठेवतं, आणि आजोबा म्हणतात माउस खराब झाला.

त्याहून जास्त तक्रार असते प्याद्याबद्दल. "माझं प्यादं त्याच्या प्याद्याच्या बाजूला होतं, त्यानं ते तिरकं मारलं, पण माझं प्यादं तर त्या घरात नव्हतंच." हा आँ पासाँचा नियम. तुमचं प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊन समोरच्याच्या प्याद्याच्या शेजारी थांबलं, तर लगेचच्या चालीत ते एकच घर पुढे आलं होतं असं धरून त्याला मारता येतं. एक चाल गेली की तो हक्क गेला. लेकराला हे एकदा पटावर सोंगट्या मांडून दाखवा. खर्च शून्य, आणि मशीन दुकानात न्यायची दगदगही वाचते.

घड्याळ आणि तारीख

उजव्या कोपऱ्यात खाली तारीख बघा. २००२ किंवा २०१० दिसत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटण सेल गेलाय. आपल्याकडे लाइट दिवसातून कितीदा जाते ते सांगायला नको. सेल मेला की लाइट गेल्यावर घड्याळ थेट मागच्या दशकात जातं.

तारखेचा बुद्धिबळाशी संबंध काय? ज्या प्रोग्रॅमला ऑनलाइन नोंदणी लागते त्याचं सर्व्हरशी बोलणं सुरक्षित प्रमाणपत्रावर चालतं, आणि मशीनची तारीख त्या प्रमाणपत्राच्या मुदतीबाहेर असली की जोडणीच होत नाही. काही डेमो आवृत्त्या तारीख मागे-पुढे झालेली दिसली की मुदत संपली असं समजून बंद होतात. शिवाय सेव्ह केलेल्या डावांवर भलतीच तारीख पडते आणि नवा डाव यादीत तळाला जाऊन बसतो. तो हरवला असं वाटतं, पण तो तिथंच असतो.

सेल स्वस्त आहे, किराणा दुकानातही मिळतो. डेस्कटॉप असेल तर आधी बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मग पिन काढून, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरून, सेल बदला. लॅपटॉपचा सेल घरी उघडून बदलू नका, काही मॉडेलमध्ये तो वायरला जोडलेला असतो आणि कनेक्टर नाजूक असतो.

सीडी

सीडी मऊ सुती कापडानं मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. डेटा गोल रेषेत लिहिलेला असतो. गोल पुसताना चरा पडला तर तो एकाच ठिकाणचा सलग डेटा खातो. आडव्या चऱ्यातून ड्राइव्ह बरंचसं सावरून घेतो. दुसऱ्याच्या मशीनमध्ये सीडी लावून बघा. तिथं वाचली तर दोष तुमच्या ड्राइव्हच्या धुळीनं माखलेल्या लेन्सचा आहे, आणि जुन्या ड्राइव्हवर पैसे घालण्यापेक्षा यूएसबीचा बाहेरचा ड्राइव्ह मागून आणलेला बरा.

जिथं वाचली तिथंच तिची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली हुबेहूब प्रत, करून पेन ड्राइव्हवर घ्या. विंडोज ८ पासून पुढे आयएसओवर डबल क्लिक केलं की ती सीडीसारखी उघडते, वेगळं काही लागत नाही.

आता तो प्रकार, सीडी वाचली जाते पण प्रोग्रॅम "सीडी घाला" म्हणत राहतो. २००० च्या आसपासच्या बऱ्याच गेम सीड्यांवर सेफडिस्क नावाचं कॉपी रोखणारं कुलूप असायचं. ते विंडोजच्या आत एक ड्रायव्हर बसवून चालायचं आणि त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेचं भोक निघालं. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो दिलाच नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या अपडेटनं व्हिस्टा, ७ आणि ८ वरही बंद करून टाकला. म्हणजे तुमची सीडी अस्सल आहे, तिची पावतीही तुमच्याकडे आहे, तरी खेळ उघडणार नाही. इथं लोक काय करतात? नेटवरून "नो सीडी" नावाची फाइल उतरवतात, आणि बुद्धिबळासोबत घरात व्हायरस येतो. तसं करू नका. कंपनीनं स्वतः पॅच दिला असेल तर तो लावा. नसेल तर खाली जुन्या मशीनचं लिहिलंय तिकडं वळा.

प्रोग्रॅमचं वय ओळखा

माझ्या मते ही सगळ्यांत महत्त्वाची तपासणी, आणि बहुतेक जण हीच सोडून बाकी सगळं करतात. कंपॅटिबिलिटी बदलून बघतात, अँटिव्हायरस काढतात, शेवटी फॉरमॅट मारतात. प्रोग्रॅमच १६ बिटचा, म्हणजे फार जुन्या घडणीचा, असेल तर यातलं काहीच उपयोगी नाही.

खेळाच्या मुख्य ईएक्सई फाइलची एक प्रत डेस्कटॉपवर घ्या. नोटपॅड उघडा आणि ती प्रत त्यात ओढून टाका. सगळा कचरा दिसेल, घाबरू नका. अगदी सुरुवातीच्या काही ओळींत वाचता येईल असं एखादं इंग्रजी वाक्य शोधा. "धिस प्रोग्रॅम कॅनॉट बी रन इन डॉस मोड" दिसलं आणि त्यानंतर थोड्या अंतरावर मोठ्या लिपीत पी आणि ई ही जोडी दिसली, तर प्रोग्रॅम ३२ बिटचा. आशा आहे. "धिस प्रोग्रॅम रिक्वायर्स मायक्रोसॉफ्ट विंडोज" दिसलं आणि पुढे एन आणि ई, तर तो विंडोज ३.१ च्या जमान्यातला, १६ बिटचा. यातलं काहीच नसेल तर तो बहुधा डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमचा. बघून झालं की सेव्ह न करता बंद करा, नोटपॅडनं सेव्ह केलेली ईएक्सई कामातून जाते. प्रत घ्यायला सांगितलं ते यासाठीच.

६४ बिटच्या विंडोजमध्ये १६ बिटचे प्रोग्रॅम चालवणारा भागच नाही. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच येतं. त्यामुळे निळा चौकोन आला की त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही, डॉसबॉक्सच्या भागाकडे जा.

एक मधली जातही आहे, आणि ती खूप फसवते. नव्वदच्या दशकाच्या मधल्या काळातल्या काही सीड्यांवर खेळ ३२ बिटचा असतो पण सेटअप मात्र १६ बिटचा. सेटअप उघडत नाही म्हणून माणूस खेळावर फुली मारतो. अशा वेळी सीडीवरचं फोल्डर जसंच्या तसं सी ड्राइव्हवर कॉपी करा आणि आतली खेळाची फाइल थेट चालवून बघा. बुद्धिबळाचे छोटे प्रोग्रॅम असे बरेचदा चालतात, कारण त्यांना पट, सोंगट्यांची चित्रं आणि ओपनिंगचं पुस्तक यापलीकडे फारसं काही लागत नाही.

चेस टायटन्स शोधणाऱ्यांसाठी जाता जाता: ते व्हिस्टा आणि विंडोज ७ सोबत यायचं, ८ पासून दिलंच नाही. मित्राच्या मशीनवरून नुसतं फोल्डर कॉपी करून आणलं तर चालणार नाही.

रंग, आकार आणि गायब डाव

३२ बिटचा प्रोग्रॅम उघडतोय पण दिसतोय वेडावाकडा, तर आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी. विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३ निवडून बघा, नाहीतर विंडोज ९८. तिथंच कमी रंगांचा पर्याय आहे आणि ६४० गुणिले ४८० चाही. जुने प्रोग्रॅम २५६ रंग धरून लिहिलेले असायचे, म्हणून काळ्या घोड्याला हिरवी छटा येते. एका वेळी एकच खूण करा. सगळ्या एकदम केल्या तर कशानं चाललं ते कळत नाही. खेळ कोपऱ्यात इवलासा दिसत असेल तर "चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज" मध्ये जाऊन स्केलिंगचं काम विंडोजच्या सिस्टीमकडे द्या.

डायरेक्टएक्सची एखादी फाइल सापडत नाही असा एरर आला तर ती एकटी फाइल कुठल्याही साइटवरून उतरवू नका. मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स रनटाइम बसवा, जुन्या ९ नंबरच्या सगळ्या फाइली त्यात एकदम येतात. मदतीचं पान उघडत नसेल तर सोडून द्या. जुन्या हेल्प फाइल उघडणारा प्रोग्रॅम विंडोज १० मध्ये नाही, आणि घोडा कसा चालतो ते तुम्ही स्वतः सांगू शकता.

डाव गायब होण्याचं कारण मात्र नीट समजून घ्या. जुने प्रोग्रॅम डाव स्वतःच्याच फोल्डरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायला जातात. व्हिस्टापासून विंडोज तिथं साध्या वापरकर्त्याला लिहू देत नाही, गुपचूप ते डाव ॲपडेटातल्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये टाकतं. आज साधं उघडलं, उद्या "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" केलं, की दोन वेगळ्या जागा. त्यामुळे डाव एकदा दिसतो, एकदा नाही. उपाय सोपा: प्रोग्रॅम काढून सरळ सी ड्राइव्हवर "बुद्धिबळ" अर्थाचं एखादं छोटं इंग्रजी नावाचं फोल्डर करून त्यात बसवा. आधी व्हर्च्युअलस्टोअरमधले डाव उचलून बाजूला ठेवा. फोल्डरचं नाव आणि डावातल्या खेळाडूंची नावं मराठीत लिहू नका, जुन्या प्रोग्रॅमला देवनागरी कळत नाही, सगळी प्रश्नचिन्हं होतात.

इंजिन आणि लेव्हल

जुन्या खिडकीला, म्हणजे पट दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, नवं इंजिन जोडायची हौस बऱ्याच जणांना असते. अरेना किंवा विनबोर्ड या अशाच खिडक्यांमध्ये ते जमतं. खिडकी ३२ बिटची आणि इंजिन ६४ बिटचं असलं तरी चालतं, कारण दोन्ही स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून धावतात आणि एकमेकांना नुसता मजकूर पाठवतात. मजकुराची ती रीत, यूसीआय, २००० साली आली. त्याआधीचा प्रोग्रॅम यूसीआय इंजिन ओळखणार नाही, कितीही जोडा.

स्टॉकफिश हे इंजिन जोडलं आणि लगेच बंद पडलं, तर चुकीची फाइल उतरवलीत. ते वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी वेगवेगळं मिळतं. एव्हीएक्स२ वालं वेगवान, पण कोअर टू ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरवर ते चालूच शकत नाही. तिथं साधं ६४ बिटचं घ्या. हळू चालेल. लेकराला हरवायला तेही डोक्यावरून पाणी.

आता लेव्हल. ही तक्रार सगळ्यांत उशिरा येते आणि शिकणाऱ्याचं नुकसान सगळ्यांत जास्त हीच करते. जुन्या प्रोग्रॅमची लेव्हल दोन प्रकारे ठरवलेली असते. एका प्रकारात "एका चालीला पाच सेकंद विचार कर" असं असतं. १९९५ च्या मशीनवर पाच सेकंदांत प्रोग्रॅम जेवढं बघायचा, त्याच्या कित्येक पट तो आजच्या मशीनवर बघतो. म्हणून तेव्हाची सोपी लेव्हल आज कठीण झाली. दुसऱ्या प्रकारात "इतक्या चाली पुढचं बघ" असं खोलीचं बंधन असतं. ते मशीन कितीही वेगवान झालं तरी तितकंच राहतं. सेटिंगमध्ये जाऊन वेळेऐवजी खोली निवडा, दोन-तीनवर ठेवा. लेकरू चुकेल, पण त्याला डाव जिंकायचीही संधी मिळेल.

स्टॉकफिशची ताकद कमी करायचा पर्याय आहे, पण त्यातलं रेटिंग १३२० च्या खाली जात नाही. महिनाभर शिकलेल्या लेकराला तेही जड. १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोवला हरवणाऱ्या डीप ब्लू या संगणकाला आजचं साध्या लॅपटॉपवरचं स्टॉकफिश भारी पडेल, त्याच्यासमोर तिसरीतलं पोर कशाला बसवायचं? या कामाला जुनं सॉफ्टवेअरच बरं. तेही नाही चाललं तर लुकास चेस बघा, फुकट आहे, आणि त्यात अगदी कच्च्या खेळाडूंपासून वर चढत जाता येतं.

डॉसबॉक्स, आणि नाहीच तर वेगळं मशीन

डॉसच्या खेळासाठी डॉसबॉक्स, म्हणजे नव्या विंडोजमध्ये जुन्या डॉसच्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम. फुकट मिळतं. खेळाचं फोल्डर सी ड्राइव्हवर ठेवा, नाव आठ अक्षरांच्या आत, मध्ये जागा नको, कारण डॉसला त्याहून लांब नाव कळत नाही. डॉसबॉक्समध्ये माउंट कमांडनं ते फोल्डर सी म्हणून जोडा, आत जा, खेळाचं नाव टाइप करा. कंट्रोलसोबत एफ ११ दाबलं की वेग कमी होतो, एफ १२ नं वाढतो. वर सांगितलेली वेळेवरची लेव्हल इथं हव्या तेवढी मवाळ करता येते, हा डॉसबॉक्सचा मला सगळ्यांत आवडलेला गुण.

विंडोज ३.१ च्या प्रोग्रॅमसाठी किंवा सेफडिस्कच्या सीडीसाठी दोन वाटा. एक, व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, जुनं विंडोज. त्यासाठी जुन्या विंडोजची स्वतःची की हवी, निदान चार जीबी रॅम हवी, आणि बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू हवं. दोन, अडगळीतलं एक्सपीचं डेस्कटॉप. मला दुसरी वाट जास्त पसंत आहे. जुन्या खेळाला जुनं घर मिळतं आणि लेकराच्या समोर नेटच नसतं. नेटची वायर काढूनच ठेवा, एक्सपीला २०१४ पासून सुरक्षेचे अपडेट नाहीत.

इथं थांबा, माणूस बोलवा

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन त्याच क्षणी बंद करा. त्यावर जुने डाव, फोटो, काही महत्त्वाचं असेल तर पुन्हा चालू करून "एकदा बघू" नको. प्रत्येक वेळी चालू केल्यावर वाचवण्यासारखं कमी उरतं. डेटा काढणाऱ्याकडे न्या.

अडगळीतलं मशीन काढलं आणि जळकट वास आला, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसले, तर हात लावू नका. एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा, डबा तर कधीच उघडू नका, पिन काढल्यावरही त्यात दाब राहतो. आमच्याकडच्या व्होल्टेजनं मेलेले एसएमपीएस रोज येतात, बदलून घेणं अवघड नाही, पण ते काम सवयीच्या हाताचं.

नव्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये काही बदलायच्या आधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, चालू आहे का ते बघा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. बायोसमधलं सिक्युअर बूट बंद केलं आणि की हाताशी नसली, तर बुद्धिबळ राहू द्या, पूर्ण लॅपटॉपच कुलूपबंद होईल. शाळेचं किंवा ऑफिसचं मशीन असेल तर ॲडमिन पासवर्डच्या मागे लागू नका, ज्यांच्या ताब्यात आहे त्यांनाच सांगा.

आणि कुणी "फॉरमॅट मारला की चालेल" म्हणालं तर विचारा, प्रोग्रॅम १६ बिटचा आहे का ३२? उत्तर आलं नाही तर मशीन उचला आणि दुसऱ्या दुकानात न्या.

एकदा चाललं की सीडीची आयएसओ दोन पेन ड्राइव्हवर ठेवा, कव्हरवरची की तिथंच एका मजकुराच्या फाइलमध्ये लिहा, आणि कोणत्या खुणा करून चाललं त्या कंपॅटिबिलिटीच्या खिडकीचा फोटोही त्यातच टाका.